सोनमनं घासलेली टोपी

सोलापूरच्या एसटी स्टँडवर दुर्गाताई सांगोल्याच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी बाप-लेक येऊन टेकले. लेकीच्या मांडीवर कॉम्प्युटरचा डबा होता. कान द्यायचा नाही म्हटलं तरी दुर्गाताईंना सगळं ऐकू येत होतं.

"सोनम, खरंच घासलंस तू त्याला?"

"व्हय आबा. आत प्रोसेसरवर धातूची टोपी असती. ती सपाट नव्हती. उष्णता निघायची न्हाय, मग मशीन सारखं बंद पडायचं."

"घासलंस कशानं?"

"काचेवर पॉलिशपेपर ठेवला आन् टोपी हळूहळू फिरवली."

"आन् बिघडलं असतं तर?"

"मशीनवर कार्टून बनवायचं माझं काम सुटलं असतं. तसंबी सुटतच आलं हुतं की."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमी घासू दिलं नसतं."

"न्हाय दिलं असतं."

"कॉम्प्युटरच्या दुकानदारानं आत्ता तासभर चालवून बघितलं. लई गार राहतंय म्हणाला."

दुर्गाताईंनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"इथं ठेव गं डबा."

मुलीनं तो जपून बाकावर ठेवला.

"आईला फोन लाव," आबा म्हणाले.

"काय सांगू?"

"कॉम्प्युटरला लावलेला टेबलफॅन आता तुझ्या खाटेकडं वळव म्हणावं."