पास झालेलं पाणी

माझ्या धाकटीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. शेतातल्या निचऱ्याचं पाणी ओढ्यात सोडायचं, तर आधी दर महिन्याला सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागे. मी बाटली घेऊन रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते आणि खिडकीत पाणी तपासणाऱ्या बाई.

"काका, तुमचं पाणी पास झालं. कायमची परवानगी मिळाली. आता बाटली आणायची नाही."

"पुढच्या महिन्यातही नाही?"

"कधीच नाही. सुटलात की!"

"नीट बघितलंत ना? मला जरा गढूळ वाटलं होतं."

"अहो, लोक पास करा म्हणून मागे लागतात, आणि तुमचं उलटंच!"

"मग थोडं खत मिसळून आणू का?"

"काका! दंड होईल."

"तो भरायला इथेच यावं लागेल ना?"

"घरी कोणी नाही का बोलायला?"

"आमची ही होती तोवर होती. आता रेडिओ असतो. पण तो काका म्हणत नाही."

"असं करा, पुढच्या महिन्यात ओढ्याचं पाणी आणा. तुमच्या बांधाच्या वरच्या अंगाचं."

"तसा नियम आहे?"

"नाही. पण मी तपासून देईन."

"सकाळीच आणतो. तेव्हा गर्दी नसते."

"या. सावकाश या."

पुढच्या महिन्यात मी गेलो, तेव्हा बाईंनीच सांगितलं. काका आदल्या रविवारी वारले.