बारा दिवसांचं कापड

माझं नाव काशिनाथ, वय धरा अडुसष्ट, आणि मी वाढलो तो कोऱ्या मांजरपाटात, हे आधी लिहून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गाव आमचं माणगावच्या आत, डोंगराच्या पायाशी, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. आमच्या वस्तीत नवं कापड क्वचितच यायचं, काय सांगू तुमाला, खोताच्या घरचं उतरलेलं धोतर यायचं, विरलेलं लुगडं यायचं, सदरा यायचा तो बटणं काढून घेतलेला, आणि गावात कोण मेलं की त्याच्या अंगावरचं कापड आमचं. तो तुमचा हक्क आहे असं बोलायचे. हक्क. बघा काय एकेक हक्क दिले होते आमाला.

माझ्या बापानं धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर ते सगळं उतरलेलं अंगणात काढून जाळलं. आई बोलली, आता मी नेसू काय. बाप बोलला, मजुरीच्या पैशाचं एक लुगडं आहे ना तुझं, ते नेस, ते धू, ओलं तर ओलं, पण ह्या घरात दुसऱ्याचं उतरलेलं परत येणार नाय. त्याच्यानंतर मी झालो. आता तान्ह्या बाळाला कोरं कापड घालत नाहीत, ते टोचतं, जुनेरच घालायचं, ही रीत सगळ्यांची, वरच्या आळीची पण आणि आमची पण. बाप बोलला, रीत गेली खड्ड्यात. कोळशाच्या भट्टीवर राबून त्यानं मांजरपाट आणला, जाडाभरडा, पिवळट, आणि माझे लंगोट त्याचे शिवले. वस्तीतलं नव्या कापडातलं पहिलं पोर मी. लोक बघायला यायचे. आई हे सांगायची आणि मी ऐकायचो, परत सांग बोलायचो, परत ऐकायचो, आणि त्याच्यावर मी जगलोय, खोटं नाय सांगत.

मंग मी इकडं आलो, जासईला कंटेनर यार्डात लागलो, लॅशिंगला. लॅशिंग म्हणजे कंटेनरच्या आत माल हलू नये म्हणून तो पट्टे आणि दोर लावून आवळायचा, बोटी हलतात ना समुद्रात, माल सुटला तर सगळा चुरा. अख्खी नोकरी मी गाठी मारल्या. एका थंडीत यार्डातल्या साहेबानं स्वतःचं जॅकेट काढून दिलं, ठेव काशिनाथ, मी नवीन घेतलंय. चांगलं जॅकेट होतं, अस्तराचं. मी बोललो, साहेब, मला थंडी वाजत नाय. थंडी वाजत होती. पण नाय घेतलं, आणि आमच्या शोभानं, माझ्या बायकोनं, घरी शाबासकी दिली आणि वर शिव्यापण दिल्या.

शोभा गेली त्याला तीन वर्षं झाली. करंजाड्यात हा फ्लॅट घेतला, दोघं राहू बोललो, आणि राहिलो मी एकटा. एकच मुलगी आमाला, प्रज्ञा. ती खारघरला असते, कॉलेजच्या ऑफिसात नोकरी, जावई पण नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं आणि माहेर म्हणजे काय, तर मी. मी बोललो ये, डिंकाचे लाडू मला येत नाहीत पण भात-वरण येतं, बाकी बघू.

नात झाली. नाव ठेवलं मैत्री. हॉस्पिटलातून येतानाच ते डायपर घातलेलं, आणि जावई मोठं पॅकेट घेऊन आले, बोलले, पप्पा, टेन्शन नाय, घालायचं आणि टाकायचं. जावयाचं मन चांगलं आहे. पण दिवस मेचे, करंजाड्याचा उकाडा तुमाला माहीत आहे, चार दिवसांत पोरीचे कुल्ले लाल, चामडी सोलल्यासारखी. डॉक्टरीण बोलली, बंद करा काही दिवस, हवा लागू दे, सुती घाला. प्रज्ञानं तिथंच ठरवलं, आता हे प्लास्टिक नकोच, लंगोटच घालणार. जावई बोलले, धुणार कोण. मी बोललो, मी आहे ना.

आणि घरी येऊन बघतो तर ह्या मुलीनं ट्रंक उघडली होती. तिच्या आईची साडी काढलेली, सुती, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली, आणि कात्री हातात. मी बोललो, ठेव ती खाली. ती बोलली, बाबा, मऊ आहे, लंगोट होतील पंधरा. मी बोललो, ह्या घरातलं पोर जुनेरात वाढणार नाय. ती बोलली, अहो बाबा, ही आईची साडी आहे, खोताची आहे का. मी बोललो, जुनं ते जुनं. ती बोलली, आई उतरलेली आहे का. पण मला माझ्या बापाचा मांजरपाट दिसत होता, मी ऐकतोय होय, मी चप्पल घातली आणि पनवेल गाठलं.

दहा मीटर कापड घेतलं, पांढरं, कोरं, दुकानदाराला बोललो, भारीतलं दे, नातीला हवं. खालच्या टेलरनं बसल्या बैठकीला त्रिकोणी कापून दोन डझन शिवून दिले, नाड्या लावून. घरी आणले, एकदा पाण्यातून काढले आणि संध्याकाळी स्वतः बांधला पहिला लंगोट. प्रज्ञा बोलली, बाबा, बाळ आहे ते, कंटेनर नाय. मी गाठ सैल केली. मला इतकं बरं वाटलं काय सांगू, मी बोललो, बघ, तिसरी पिढी, नव्या कापडात.

दोन तास. दोन तासांत पोर असं रडायला लागलं की वरच्या मजल्यावरचे खाली आले. लंगोट सोडला तर मांडीवर वळ, जिथं जिथं शिवण तिथं तिथं लाल रेघ. कापडाला खळ होती, कडक, आणि मी, अक्कल बघा माझी, तीच सोललेल्या चामडीवर बांधली. प्रज्ञा ओरडली नाय. ओरडली असती तर बरं. ती सावकाश बोलली, बाबा, शपथ तुमच्या वडलांची आणि सोलतंय माझं बाळ.

मी गॅलरीत गेलो आणि बायला फोन लावला. बाय म्हणजे माझी मोठी बहीण, गावाला असते, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, दात नाहीत पण जीभ आहे. तिला सगळं सांगितलं, आणि बोललो, बाय, मला मांजरपाट कसा चालला, ह्या पोरीला भारीतलं कापड चालत नाय.

बाय हसायला लागली. बोलली, अरे बावलटा, तुला कोनी सांगितला मांजरपाट चालला. बाबानं कापडाचा ठान आनला, लोकांना दाखवला, आनि मोठा झाला. आयनं तो राखंच्या पान्यात घातला. रोज उकलायचा, रोज नदीवर आपटायचा, रोज वालवायचा, बारा दिस, बारा दिस ओल्या बालंतिनीनं. मी सोबत असायची, माजे हात फुटले व्हते. तवा त्यो मऊ झाला.

मी बोललो, आणि ते बारा दिवस मी कशात होतो.

बाय बोलली, आयच्या लुगड्याच्या पदरात, आनि कशात. तिचा मजुरीचा जुना लुगडा फाडला तिनं. बाबा बोलला, जुनेर नको, तवा आय बोलली, माजा घाम लागलाय त्याला, ह्ये उतरलेला नाय, ह्ये माजा हाय, आनि तू बाहेर जा. बाबा गेला बाहेर. आनि तू बापाचंच शिकलास, अर्धाच. आनि नऊ महिने काय करत व्हतास रे, टीव्ही बघत व्हतास, कापड आधी नाय मऊ करायचा.

तुमाला सांगतो, अडुसष्ट वर्षांचा माणूस मी, गॅलरीत उभा राहिलो आणि मला आत यायची लाज वाटली. आईनं शंभर वेळा गोष्ट सांगितली, शंभर वेळा बापाचं नाव पुढं केलं, आणि स्वतःचे बारा दिवस एकदापण सांगितले नाहीत.

आत आलो. शोभाची साडी मीच ट्रंकेतून काढली, कात्री प्रज्ञाच्या हातात दिली आणि तिथंच बसलो, बाहेर नाय गेलो. बापासारखं बाहेर नाय गेलो. ती कापत होती आणि मी बघत होतो, काठ वेगळा ठेव बोललो, तो टोचेल.

आणि दुसऱ्या दिवसापासून मी. मोठा टोप, गॅसवर, त्यात ते दोन डझन कोरे लंगोट, राख कुठून आणायची करंजाड्यात, म्हणून रिठे. रोज उकळायचं, मोरीत आपटायचं, पिळायचं, गॅलरीत वाळवायचं, परत टोपात. खालचा विठोबा, यार्डातलाच माझा जोडीदार, वर बघून ओरडायचा, काय काशा, लाँड्री काढली काय, बायकांची कामं कधीपासून. मी वरून बोलायचो, माझ्या आईची कामं आहेत रे ही, तुला नाय जमणार, तुझ्या गाठी यार्डातपण सुटायच्या. अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जायचं. जाऊ दे. हाताची बोटं सुरकुतली, नखांच्या कडा फाटल्या, कमर धरली. बाराव्या दिवशी एक लंगोट मी गालाला लावला. लागलाच नाय गालाला, इतका मऊ. मैत्रीला बांधला, ती झोपली. झोपलीच.

सहा महिने तेच लंगोट, मी धुतले, मी वाळवले. प्रज्ञा खारघरला परत गेली तरी मी जायचो, ती ऑफिसात आणि मी घरी, नात आणि बादली. जावई आता स्वतः पिळतात. प्रवासाला जाताना ते डायपर घालतात, घालू देत, मी काय पोलीस नाय.

आता खरी गोष्ट इथून पुढं आहे. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये शिंदेवहिनी, साताऱ्याकडच्या, बाई सरळ आहे, माझ्या शोभाच्या आजारपणात डबा द्यायच्या. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले. एक दिवस दारात आल्या, बोलल्या, काका, मैत्रीचे जुने लंगोट आहेत का हो, तिला आता लहान पडत असतील, आमच्यात पहिल्या बाळाला दुसऱ्या गुणी बाळाचं जुनं घालतात, आणि तुमच्याएवढे मऊ लंगोट मी कुठं बघितले नाहीत, तुमच्याकडं आले की गॅलरीत हात लावून बघायचे मी.

मी बोललो, बघून सांगतो.

विठोबाला सांगितलं तर तो मांडीवर थाप मारून हसला. बोलला, दे की रे काशा, दे, पिशवी भरून दे. आपल्या आज्यापणज्यांनी त्यांचं उतरलेलं घातलं, आता त्यांच्या नातवानं आपलं घालू दे, हिशेब बरोबर. खरं सांगू का तुमाला, एक मिनिट मला पण गोड वाटलं. एकच मिनिट. प्रज्ञाला विचारलं तर ती बोलली, बाबा, द्या ना, त्या मायेनं मागतायत, माया आणि उतरलेलं ह्यात फरक असतो. तिचं पण खरं असेल. ती शिकलेली आहे.

पण मी माझं सांगतो. उतरलेलं कुणाचं आहे आणि कुणाच्या अंगावर जातंय ह्यानं ते बदलत नाय. माझ्या बापानं घेणं बंद केलं, मी देणं पण बंद केलं. आईचा पदर आईचाच, तो वेगळा, ते बायनं मला शिकवलं. पण दुसऱ्याच्या पोराला मी माझ्या घरचं जुनेर देणार नाय, शिंद्यांच्या नाय, विठोबाच्या नाय, कुणाच्याच नाय. मैत्रीच्या लंगोटांनी मी माझीच फरशी पुसतो.

मी पनवेलला गेलो, दहा मीटर घेतलं, टोप चढवला. वहिनी बघायला आल्या, बोलल्या, अहो काका, हे तर कोरं आहे, आमच्यात बाळाला कोरं घालत नाहीत. मी बोललो, वहिनी, आमच्यात घालतात, बारा दिवस थांबा. त्या बोलल्या, मी जुनंच मागितलं होतं, तुमाला एवढा त्रास कशाला. मी बोललो, जुनं मिळणार नाय. एवढंच बोललो, कारण पुढचं सांगायला मला माझ्या आजीपासून सुरू करायला लागलं असतं, आणि बाईचं मन चांगलं आहे. बाराव्या दिवशी पिशवी दिली. वहिनींनी एक काढून गालाला लावला, आणि डोळे मिटले.

त्यांचा नातू त्याच लंगोटात आहे आता, गॅलरीत बघा तुमाला दिसतील, समोरच्या दोरीवर, ते माझ्या हातचे. आणि आत गॅसवर टोप आहे तो विठोबाच्या पुतणीसाठी. विठोबाच आला सांगायला, हसत नव्हता, बोलला, काशा, जमेल का. जमतं मला. कमर दुखते, पण जमतं.

तुमाला चांगलं आरोग्य लाभो, पोरंबाळं सुखात राहोत. आणि तुमच्या घरी कुणाला दिवस गेले तर मला आधी सांगा, शेवटच्या आठवड्यात येऊ नका. बारा दिवस लागतात.