मागच्या चाकाचा नट आणि बाबलमामांची पेज

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनी झोपायचं असेल तर डोळे उघडे ठेवून झोपा, तेवढंच माझं समाधान! आज एकच प्रश्न विचारतो. देणं अवघड, की घेणं अवघड?

"देणं" म्हणालात ना? पेटीवालेसुद्धा मान हलवताहेत. हलवा, हलवा. आता ऐका.

समुद्राकाठच्या एका गावात लवू तांडेल राहायचा. मोटारसायकलवर मागे माशांचा क्रेट बांधायचा नि गावोगाव मासे विकायचा. आता क्रेटमधून काय गळणार? खारं पाणी! ते थेट मागच्या चाकावर. गाडी पुसायची कधी? उद्या. आपलं नामस्मरण जसं रोज उद्यावर जातं, तसंच ते.

लवूला आईबाप आठवतही नव्हते. चुलत्याच्या घरी वाढला, स्वतःच्या हातानं वाढून घेऊन जेवायला शिकला. आता घरात तो आणि त्याची बायको दर्शना. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पण मूल नव्हतं. दर्शनाची आई गेली, वडील एकटे पडले, म्हणून तिनं त्यांना आपल्याकडे आणलं. हे बाबलमामा. आले, पण अट घालून आले! जुनी रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि मूल तर नाही. मग ही अट सुटायची कधी?

मामांनी पडवीत तीन दगडांची चूल मांडली. टोप आपला, तांदूळ आपले, पाणी शेजारच्या विहिरीचं. आत दर्शना बांगड्याचं तिखलं, झणझणीत कालवण, करतेय, आणि बाहेर बाप पेजेबरोबर भाजलेली मिरची खातोय. सांगा बरं बायांनो, त्या लेकीच्या घशाखाली घास उतरत असेल?

लवू रोज त्यांच्या मागे लागायचा, "मामानू, आत चला. आमच्यावांगडा जेवा." तो जेवढा ओढी, तेवढे मामा घट्ट बसत. शेवटी एक दिवस ते म्हणाले, "माझ्यामुळे तुमका त्रास. येत्या आयतवारी मी माझ्या घराक जातंय." त्या घरात कोण होतं? कुणीही नाही. पंचाहत्तरीचा माणूस, अंग काडीसारखं झालेलं, रात्री खोकला आला तर पाणी द्यायला कोण? दर्शना आत जाऊन रडली. लवूला काय करावं सुचेना.

अशात शनिवारी सकाळी गाडीचं मागचं चाक पंक्चर! चाक काढायला बसला, तर नट गंजून चिकटलेला. पाना लावला — हलेना. पान्याला लोखंडी पाइप लावला नि त्यावर उभा राहिला. पाना सटकला, लवू अंगणात आडवा! हसू नका. तुमच्या गाड्या देवळाबाहेर उभ्या आहेत, मी येताना बघितल्यात.

मामा पडवीतून पाहत होते. त्यांचा जन्म गेलेला मासेमारीच्या लाँचीवर, इंजिन सांभाळण्यात. ते उठून जवळ आले.

"थांबा जावयबापू. बडवू नकात. नटाचे कोने गेले तर तो कायमचो बसतलो."

त्यांनी तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, चार थेंब तेल सोडलं, हातोडीनं भोवतीनं हलकेच टकटक केली. "आता ऱ्हवा. तेल आत जाव दे." दोघं बसून राहिले. बऱ्याच वेळानं मामा म्हणाले, "हां. आता आवळा."

"आवळू? मामानू, माका तो सोडवचो आसा!"

"म्हणानच आवळा. ज्या अंगाक तो धरून बसलो आसा, त्या अंगाक तेका केसभर जाव द्या. गंज थंयच तुटता."

लवूनं केसभर आवळला. कट्! मग उलटा फिरवला — आणि मंडळी, नट सरकला. लवूच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर बापाच्या मायेनं त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. धावत आत गेला, चहा घेऊन आला. "मामानू, घेवा."

"नको. माझी पेज आसा."

बघा आता! मन आभारानं भरलंय, आणि ते ठेवायचं कुठं? लवू पेला हातात धरून तसाच उभा. त्याची नजर त्या नटाकडं गेली, मग पडवीतल्या चुलीकडं. त्यानं पेला खाली ठेवला. आतून आपली ताटली आणली आणि मामांच्या चुलीपाशी मांडी घातली.

"मामानू, भूक लागली. माका वाढा."

"माझ्याकडे काय असतला? पेज नि मिरची."

"तीच वाढा."

म्हाताऱ्यानं टोपावरचं झाकण काढलं आणि वाढलं. लवू जेवला, बोटं चाटून जेवला. आणखी मागितली! तेवढ्यात दर्शना आली, तिनंही ताटली पुढं केली. "बाबानू, माकाव." लेक बापाच्या हातचं जेवली, किती वर्षांनी! मामा वाढत राहिले, वाढत राहिले, आणि टोपाचा तळ दिसला.

मामा रिकाम्या टोपाकडं बघत बसले. मग हळूच म्हणाले, "चेडवा, माझी पेज तुमी दोघांनी संपवलात. आता मी काय खाव?"

दर्शनानं दोन्ही ताटल्या उचलल्या. तिची मान खाली होती.

"तिखलां उरला आसा काय गो?"

मंडळी, ती माउली आत धावली. बापाला वाढताना तिचे डोळे इतके गळत होते, की मामा म्हणाले, "पुरे गो, मीठ बरोबर आसा." आयतवार आला नि गेला. मामा गेले नाहीत.

आता सांगा, काय अवघड? आपल्या सगळ्यांच्या घरी असं कुणीतरी घट्ट बसलेलं आहे. आपण देऊन देऊन ओढतो, आणि ते आणखी घट्ट होतं. उद्या त्याला काही देऊ नका. त्याच्याकडं मागा. त्याच्या हातचं आनंदानं खा. अहो, देवाला काय कमी आहे? तरी आपल्या हातचा मूठभर नैवेद्य तो घेतो. का घेतो? आपल्याला त्याच्याकडून घेताना लाज वाटू नये म्हणून!

चला, आरती घ्या. मग प्रसाद वाटतील. नको-नको म्हणत मागे सरकू नका. दोन्ही हात पुढे करा.