बाटलीतले कोळी कुणाकडं बघत होते

हसा तुमी, पण उडी मारणारा कोळी दिसला की मी आदी मागं वळून बघतो.

दुष्काळात नेकनूरजवळच्या आमच्या गावातली दूध सोसायटी बंद पडलती. जनावरंच चारा छावणीत गेलती, दूध कुठून येणार? मी आन दत्ता कॉलेजात कोळ्यांचा अभ्यास करायचो. सोसायटीच्या रिकाम्या खोलीत ते लई सापडायचे. सगळे एकाच कुळातले, पाठीकडून हुबेहूब सारखे. त्यातली जात ओळखायची तर तोंडावरचे पट्टे बघावे लागतात. म्हणून एकेका बाटलीत एकेक कोळी ठेवायचा आन समोर बोट हलवायचं. जे हलतंय त्याच्याकडं तो हमखास तोंड फिरवतो.

त्या दुपारी मी किती बोट हलवलं, पण एकबी माझ्याकडं बघंना. सगळ्यांची तोंडं दाराकडं.

"दत्ता, दारात हलू नको बे."

"मी कुठं दारात हाय? तुझ्याशेजारीच बसलोय की."

दारात कुणीच न्हवतं. तेवढ्यात सगळ्या बाटल्यांतले कोळी एकदमच फिरू लागले. दाराकडून हळूहळू कोपऱ्यातल्या दूध मोजायच्या काट्याकडं. तिथं थांबले.

दत्ता कुजबुजला, "दूध घालायला आलेला माणूस असाच जातो बे. दारातून काट्यापाशी, आन तिथून नोंद करायला सचिवाच्या खुर्चीपाशी."

सचिवाच्या खुर्चीत मीच बसलो होतो. श्वास रोखून, बोटबी न हलवता.

सगळ्या कोळ्यांनी सावकाश माझ्याकडं तोंडं फिरवली.