काचेतली पिकअप

झुलालनानांच्या पोराचं लग्न ठरलं. पण ते अजून ठरलेलं नाही असंच धरून चाला, कारण धुळ्याच्या शोरूममध्ये नाना तेव्हा मॅनेजरसमोर घाम पुसत होते. फिल्टर घ्यायला आलेल्या भटूला मागच्या बाकावर सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, मनी पिकअप कव्हय येई?"

"नाना, या खेपेला दोनच गाड्या आल्या. एक मालकांच्या साडूला गेली."

"आनी दुसरी?"

"दुसऱ्या साडूला."

"पोरीना बाप बाहेर उभा शे! गाडी उनी, असं सांगी बसनू मी."

"आली म्हणून सांगितलंय ना, मग ही काचेतली नमुन्याची दाखवा. सगळे तेच करतात."

"तीमा कोन बठेल शे?"

"शिंदखेड्याचे देवचंदभाऊ. तेही व्याह्यांना गाडी दाखवताहेत. आत्ता उतरतील."

"गाडीवरना हार काढू का?"

"राहू द्या. दुपारी साक्रीवाले येणारेत."

"चालाडी दाखाड म्हनं तं?"

"चालवायचा मुहूर्त नाही म्हणा. इंजिन तिसऱ्या साडूनं नेलंय."

तेवढ्यात पोरीचा बापच आत आला. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारली.

"नाना, थोरली पोर दिधी तव्हय बी मी हाईच गाडी दखेल शे. थोरला जवाईबापूनी शे ही."

"मंग?"

"मंग काय, गाडी घरमाच ऱ्हाई. फोडा सुपारी!"

नानांनी भटूकडून पेन घेतलं आणि तिथंच अर्ज लिहिला: "मे. मॅनेजर साहेब, सदर नमुना गाडी वरातीच्या दिवशी इंजिनासह मिळावी, ही नम्र विनंती."