एकतर्फी हुकूम

(बुऱ्हाणपूर. निवृत्त शिक्षिका कोकिळाबाई पाटील यांच्या घराची पडवी, सकाळची वेळ. समोर हायकोर्टातून नुकतेच निवृत्त झालेले न्यायमूर्ती गिरधर महाजन.)

कोकिळा: बाकीचं राहू द्या. आधी मला सांगा, मावा जलेबीवाल्याला कुणी सांगितलं?

गिरधर: काय सांगितलं?

कोकिळा: आपलं लग्न ठरल्याचं! जलेबी बांधता बांधता म्हणतो, "बहनजी, जजसाब को बधाई देना." भर बाजारात. माझ्या मागे चार बायका उभ्या होत्या.

गिरधर: मी फक्त तुमच्या भावाला बोललो. चुडामणला.

कोकिळा: फक्त चुडामणला! अहो, त्याला सांगणं आणि गावात दवंडी पिटणं एकच.

गिरधर: आणि तुषारला. मुलाला सांगणं भागच होतं. आणि... इंदूरला तुमच्या पल्लवीला फोन केला.

कोकिळा: माझ्या मुलीला? काय म्हणाली?

गिरधर: आधी रडली, मग हसली. म्हणाली, "अंकल, एक बात का ध्यान रखना, चहा होईपर्यंत आईशी बोलायचं नाही."

कोकिळा: म्हणजे तुमचा मुलगा हो म्हणाला, माझी मुलगी हो म्हणाली, भाऊ हो म्हणाला, हलवाईसुद्धा हो म्हणाला. आता राहिलं कोण?

गिरधर: तुम्ही.

कोकिळा: हायकोर्टात बसून हेच करत होतात का?

गिरधर: छे, छे! दुसऱ्या बाजूचं न ऐकता दिलेला हुकूम माझ्यासमोर आला की मी आधी तो रद्द करायचो. वकील म्हणायचे, महाजनसाहेबांपुढे एकतर्फी हुकूम टिकत नाही. माझा लौकिकच तो होता.

कोकिळा: मग हा कसला हुकूम?

गिरधर: हा... एकतर्फीच झाला.

कोकिळा: आला बघा आमचा दवंडीवाला. ये चुडामण, ये.

चुडामण: ताई, मांडववाल्याले फोन केला म्या! दापोऱ्याले, साहेबाच्या गावी, त्याहीच्या केळीच्या बागेत करू. मांडवाले केळीचे खांब घरचेच.

कोकिळा: लग्न कुणाचं रे?

चुडामण: कोणाचं म्हणजे? तुझंच ना!

कोकिळा: मला विचारलंस?

चुडामण: तुले काय विचारायचं त्याच्यात? एवढा मोठा माणूस! साहेब आला तं तहसीलदार उठून उभा राहते.

कोकिळा: म्हणून मी लग्न करू? मला नाही उठबस झेपत. गुडघे दुखतात.

गिरधर: चुडामण, तू थांब जरा. कोकिळाबाई, खरं सांगू? त्या उभं राहण्याचाच मला कंटाळा आला होता. मी जज झालो तेव्हा वडिलांनी दापोऱ्याला गावजेवण घातलं. त्यानंतर मी कुणाकडे मोकळेपणी जेवलोच नाही. ज्याच्या घरी जेवावं, उद्या त्याचाच खटला समोर यायचा. बदली झाली की नवं गाव, आणि तिथंही दार बंद. तुषारची आई होती तोवर घरात बोलणं तरी होतं. ती गेली आणि जबलपूरच्या त्या मोठ्या बंगल्यात मी शिपायाशी थंडी-पावसाच्या गप्पा मारायला लागलो. इथं आलो, वाचनालयात गेलो, तर तिथंही सगळे ताडकन उभे. तुम्ही मात्र पेपरातून डोकं वर काढलंत आणि म्हणालात—

कोकिळा: "पंख्याखालची खुर्ची माझी आहे."

गिरधर: इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

कोकिळा: एवढं सरळ बोलता येतं, तर मग मलाच का नाही सांगितलंत?

गिरधर: भीती वाटली. निकालावर सही करताना मी कधी कचरलो नाही. पण इथं निकाल तुमच्या हातात. तुम्ही नाही म्हणालात तर वर अपील कुठं करू? म्हणून जिथं जिथं 'हो' मिळेल तिथं आधी जाऊन आलो.

चुडामण: ताई, माणूस खरं बोलून राहिला. म्हण ना हो!

कोकिळा: तू आत जा. चहा टाक. आणि आता माझी बाजू ऐका, साहेब. मधे बोलायचं नाही.

गिरधर: ऐकतो.

कोकिळा: पल्लवीचे बाबा गेल्यापासून मी माझ्या मर्जीनं राहते. रेडिओ मोठ्यानं लावते. शनिवारी चूल बंद. आडनाव बदलणार नाही. अर्ध्या बुऱ्हाणपूरला मी पाटीलबाई म्हणून शिकवलंय. दापोऱ्याला येईन, पण पावसाळ्यात नाही, तो चिखल मला सोसत नाही. आणि आपलं वाजलं, तर तोंड मिटून निकाल राखून ठेवायचा नाही. भांडायचं.

गिरधर: मला भांडता येत नाही हो.

कोकिळा: शिकवीन. जन्मभर दुसरं केलंय काय?

गिरधर: म्हणजे... हो समजू?

कोकिळा: अहो, विचारलंत कुठं अजून?

गिरधर: खरंच की. कोकिळा... माझ्याशी लग्न करशील?

कोकिळा: हाव, करीन.

चुडामण: ताई, काय म्हणाली? स्टोच्या आवाजात मले काही ऐकूच नाही आलं!

कोकिळा: सांगते रे नंतर. थोडा वेळ आमच्या दोघांतच राहू दे.