ढिगाची मागची बाजू

(माती तपासायची प्रयोगशाळा. दुपार. कोपऱ्यात लोखंडी साच्यावर घण पडतो आहे.)

मुलगी : त्या पोत्यावर नको बाबा, स्टुलावर बसा. तो पाचवा नमुना आहे.

बाबा : तीस वर्षं याच वाळूवर बसून डबा खाल्ला. तेव्हा हिला कोणी नंबर दिला नव्हता.

घणवाला : तेवीस, चोवीस, पंचवीस. ताई, एक थर बसला.

मुलगी : दुसरा भरा.

घणवाला : जेवून भरतो. घण ऑफिसचा असला तरी खांदा माझा आहे.

मुलगी : जा. पण लवकर या, चारला साहेबांकडे कागद जायचाय.

बाबा : भला माणूस आहे. ठोकतो मात्र असा, की मागच्या जन्मीचं वैर असावं.

मुलगी : एका थराला पंचवीस ठोके, नियमच आहे. मातीसारखी घट्ट बसते का बघायचं. सहा नमुने पास झाले, हा सातवा. तोही होईल. वाळू भिजवून गाळलेलं पाणीसुद्धा स्वच्छ निघालं. मी सही केली की सोमवारपासून डंपर लागतील. रस्त्याच्या भरावात मातीऐवजी तुमच्या कारखान्याची वाळू. मातीसाठी टेकडी खणायला नको, आणि तुमच्या खिडकीसमोरचा ढीगही जाईल.

बाबा : मातीच्या बरोबरीनं बसणार म्हणजे. या वाळूत मी धातू ओतायचे साचे केले. ओतलेला माल पुढच्या दारानं हार घालून गेला, वाळू मागच्या दारानं. पुढं मीही त्याच दारानं गेलो. कुणाचं नशीब कधी उघडेल, सांगता येत नाही.

मुलगी : मग चेहरा असा का?

बाबा : गुडघा दुखतोय.

मुलगी : गुडघा चेहऱ्यावर नसतो.

बाबा : एवढा मोठा ढीग. सात पोत्यांवरून सगळा कळतो?

मुलगी : शितावरून भाताची परीक्षा.

बाबा : भात एकाच पातेल्यातला असला तर.

मुलगी : म्हणजे?

बाबा : पाणी आहे का प्यायला?

मुलगी : बाबा.

बाबा : विचारलं नुसतं.

मुलगी : देते. आधी त्या दुसऱ्या पातेल्याचं सांगा.

बाबा : तू ढिगावर आलीस, त्या दिवशी ऊन काय होतं. हातात सुतळी, काखेत खुंट्या. चौकटी आखणार होतीस. मी म्हटलं, कशाला उन्हात मरतेस, मी दाखवतो जागा.

मुलगी : आणि मी बरं म्हटलं. चौकट आखायची, खुंटी पडेल तिथं खणायचं, मनाला येईल तिथं नाही. हे मी नव्या लोकांना शिकवते, परीक्षेत विचारते. आणि स्वतः सुतळीची गाठसुद्धा सोडली नाही. दमले होते हो. आठवड्यातला तिसरा ढीग होता तो. वाटलं, या ढिगाची माहिती तुमच्याइतकी कुणाला असणार?

बाबा : तिथंच तर घोटाळा झाला.

मुलगी : थांबा. सातही जागा तुम्ही रस्त्याच्या बाजूच्या दाखवल्यात.

बाबा : पाहुणे आले की माणूस पुढची खोली दाखवतो.

मुलगी : मागच्या खोलीत काय आहे?

बाबा : पूड. भट्टीचा धूर गाळायला पिशव्या बसवल्या होत्या, त्यात साठायची ती. राखाडी, पिठासारखी मऊ. आधी ती न्यायला खास गाडी यायची. मग गाडी यायची बंद झाली. मुकादम म्हणाला, मागं टाक आणि वर वाळू ओढ. सहा वर्षं टाकली. हातगाडी कारखान्याची, हात माझे. टाकून आलो की दिवसभर तोंडाला गोडसर चव राहायची.

मुलगी : शिसं असतं त्यात, बाबा.

बाबा : मला कुणी नाव सांगितलं नव्हतं. पण पुढच्या बाजूला गवत येतं, मागं पातं नाही. गवताला कळलं, मला कळलं नाही असं कसं म्हणू?

मुलगी : त्या भरावाच्या उताराला तीन विहिरी आहेत. एक मावशीच्या अंगणात.

बाबा : माहीत आहे.

मुलगी : आणि तुम्ही रोज फोन करून विचारत होता, पास झाली का.

बाबा : पहिला नमुना पास झाला तेव्हा म्हटलं, उद्या सांगू. दुसरा झाला, म्हटलं परवा. आपल्या घरात तू सोडून कुणाला पास व्हायची सवय नाही. म्हटलं, चार दिवस तरी ऐकू दे.

मुलगी : मग आज का आलात?

बाबा : काल मावशी आली होती. तुझ्या आईसाठी विहिरीचं पाणी घेऊन. कळशी ठेवली आणि म्हणाली, घ्या हो भावोजी, आमचं पाणी गोड आहे.

मुलगी : हं.

बाबा : रात्रभर ती कळशी दिसत होती. साहेबांना सांग, म्हातारा चुकला.

मुलगी : म्हातारा चुकलाच. पण सुतळी म्हाताऱ्याच्या हातात नव्हती. साहेब विचारतील, वडिलांना नेलंच कशाला. कंत्राटदार म्हणेल, डंपर उभे आहेत. मग परत ऊन, परत चौकटी, परत पंधरा दिवस. मला आत्ता फक्त झोपायचंय, बाबा.

बाबा : ढीग नापास झाला म्हणजे.

मुलगी : सगळा नाही. मागचं वेगळं काढायचं, पिंपात बंद करायचं, विषारी कचरा नेणाऱ्यांच्या हवाली करायचं. पुढची वाळू चांगली आहे. तुमच्या समाधानासाठी म्हणत नाहीये, ठोकून बघितलंय. पण एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं, ते कागदावर कुठंच नाही.

बाबा : मी दाखवतो. डोळे मिटून दाखवीन.

मुलगी : डोळे उघडे ठेवून यायचं. आणि खुंट्या मी मारणार, सुतळी लावून.

घणवाला : जेवून आलो ताई, दुसरा थर भरू?

मुलगी : राहू दे. नवा फॉर्म काढा. नमुना आठ.

घणवाला : आठ? सातवा शेवटचा म्हणून खांद्याला तसं सांगून बसलो होतो मी. असो. ठिकाण?

मुलगी : ढिगाची मागची बाजू.

घणवाला : जागा कुणी दाखवली, असा एक रकाना आहे. गेल्या वेळी आपण कोराच सोडला होता. आता काय लिहू?

बाबा : लिहा, ज्यानं टाकलं त्यानं.